टाचेवरचं भोक

बाई मोज्यात हात घालत तो पार मनगटापर्यंत. आत पाचही बोटं फाकवत, हात खिडकीसमोर धरत आणि एक डोळा मिटून त्या ताणलेल्या विणीतून मनामाच्या उन्हाकडे बघत. इंग्लंडहून माल आला की प्रत्येक खोक्यातला पहिला मोजा असा उजेडाला लागायचा. बघून झालं की एकच शब्द. "आहे." मग खोकं पुढे.

काय आहे, हे मी बरेच महिने विचारलं नाही. मी पुण्याचा. समोरच्याने आपण होऊन सांगावं आणि आपण ते आधीच माहीत असल्यासारखी मान हलवावी, अशी आमच्याकडे रीत आहे. बाई वसईच्या. त्यांची रीत अशी, की विचारलं तर आधी "तुम्हाला कशाला पंचायत, पुणेकर?" म्हणायचं आणि मग सगळं सांगायचं. मी विचारलं नसतं तर हे सगळं मला कळलंच नसतं, आणि मला वाटतं, माझी झोप जरा बरी राहिली असती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहरीनला, मनामा शहरात, एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून लागलो. दुकान खाली, ऑफिस वर. मालकांना सगळे हाजी म्हणत. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा धंदा मुंबईशी होता आणि हाजींचं लहानपण तिथेच गेलेलं. त्यामुळे ते आमच्याशी हिंदीत बोलत, हिशेब अरबीत करत आणि शिव्या खास मुंबईच्या देत. पेढीकडे बिस्किटं होती, पाण्याचे पंप होते, रंगाचे डबे होते. पण मान होता तो एका जुन्या इंग्लिश कंपनीच्या एजन्सीला. ही कंपनी मोजे, गंजिफ्रॉक आणि लोकरीचे स्वेटर करी. बहरीनमध्ये स्वेटर कोण घेतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. जानेवारीत पंधरा दिवस सगळेच घेतात. उरलेलं वर्ष स्वेटर काचेच्या कपाटात बसून आमच्याकडे दयेने बघत.

दुकानात शिरल्याबरोबर कंपनीचा इतिहास चित्रांसकट फ्रेम करून टांगलेला होता. पहिल्या चित्रात एक पाद्री. दंतकथा अशी, की हा पाद्री एका बाईच्या प्रेमात पडला, पण ती सारखी मोजे विणत बसे आणि याच्याकडे मान वर करून बघेना. म्हणून त्याने विणायचं यंत्रच शोधून काढलं. पुढच्या चित्रांत खेड्यातल्या झोपड्यांमधून यंत्रं बसली, मग कंपनीच्या मूळ पुरुषाने गिरणी काढली, चिडलेल्या विणकरांनी रात्री येऊन यंत्रं फोडली, मग सैन्याला मोजे, बर्फातल्या मोहिमांना स्वेटर आणि शेवटी राजघराण्याची मोहोर. यंत्रं फोडणाऱ्यांचं पुढे काय झालं, तेवढं फ्रेममध्ये मावलं नव्हतं.

बाईंनी मला तो इतिहास माझ्या पहिल्याच आठवड्यात समजावून दिला. पाद्र्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "विणत कोण होतं? ती. नाव कुणाचं? ह्याचं. आणि तिचं नाव काय?" मी फ्रेमजवळ जाऊन वाचायला लागलो. "बघू नका," बाई म्हणाल्या. "मफी." मफी म्हणजे नाही. आखातात आलेल्या माणसाला हा अरबी शब्द पहिल्या दिवशी ऐकू येतो आणि पुढे जन्मभर पुरतो.

बाईंकडे तक्रारींचा काउंटर होता. फाटलेला माल परत आला की तो तपासायचा आणि चूक कंपनीची की पायाची ते ठरवायचं. इंग्लंडहून येणाऱ्या पत्रांनुसार चूक नेहमी पायाची असे. बाईंच्या मात्र लक्षात आलं, की आमच्याकडे परत येणारे मोजे सगळे एकाच जागी फाटतात. वरच्या घट्ट पट्टीच्या खाली, जिथे अंगठा घालून मोजा ओढतात तिथे. आम्ही तसं कळवलं. उत्तर आलं, "अयोग्य वापर."

त्या दिवशी कस्टममधला एक म्हातारा कारकून फाटका जोड घेऊन आला होता. बाईंनी त्याला हिंदीत विचारलं, "चाचा, दिन में कितनी बार पहनते हो?"

चाचा म्हणाला, "जितनी बार नमाज, उतनी बार. वजू करना, पाँव गीला, फिर मोजा. खींचो तो फटता है. यह अंग्रेज नमाज नहीं पढ़ता क्या?"

बाई नुसत्या हसल्या. त्यांना कळायचं ते कळलं होतं. इंग्लंडात माणूस सकाळी मोजा चढवतो तो झोपताना काढतो. इथे तो ऑफिसच्या दिवसात नमाजाआधी पाय धुवायला दोन-तीनदा घाईने उतरतो आणि ओल्या पायावर परत चढतो. कंपनीच्या एवढ्या लांबलचक इतिहासात ओल्या पायाचा विचार कुणी केला नव्हता.

आता बाईंच्या मशीनबद्दल सांगायला हवं. मनामालगतच्या झिंज वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत टेबलाला आवळलेलं, हाताने फिरवायचं एक मोजे विणायचं मशीन होतं. लोखंडी, गोल तोंडाचं, तोंडाभोवती सुयांची रांग. हँडल फिरवलं की खालून मोजा नळीसारखा उतरत येई. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे मोजे विणायला इंग्लंडात अशी मशिनं घरोघरी दिली होती. त्यातलं एक फिरत फिरत वसईच्या एका कॉन्व्हेंटमध्ये आलं. तिथल्या नन्सनी बाईंना त्याच्यावर शिकवलं आणि लग्नात तेच आहेर म्हणून दिलं. बाईंचे मिस्टर इथल्या एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये होते. ते म्हणत, "लोकांच्या बायका सोनं घेऊन येतात. माझी लोखंड घेऊन आली." बाई म्हणत, "सोनं असतं तर कधीच विकून खाल्लं असतंत."

बाईंनी सुट्टीचे तीन शुक्रवार बसून एक जोड विणला. वरची पट्टी सैल, मान आखूड, तळव्याला सुती धागा, बोटांपाशी आतून शिवणीचा कंगोरा नाही. ओल्या पायावरून सटकन चढावा आणि सटकन उतरावा असा. पहिला मोजा विणताना, टाच वळवायला दोन बोटं उरली असताना, एक सुई मोडली. बाईंनी त्या सुईवरचा टाका शेजारच्या सुईवर सरकवला, नवी सुई बसवली आणि विणत पुढे गेल्या. असं केलं की तिथे एक बारीक गोल भोक राहतं. ते उसवत नाही, वाढतही नाही. दुसऱ्या मोज्याच्या वेळी सुई मोडली नाही, त्यामुळे त्याला भोक नाही. नमुनाच तर आहे, म्हणून बाईंनी तो जोड तसाच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे इंग्रज मॅनेजर. पूर्वी फौजेत होते असं ते सांगत. कुठल्या फौजेत, ते सांगत नसत. मोजा ही पायात घालायची वस्तू आहे, एवढं त्यांना विणकामातलं ज्ञान. पण चांगली वस्तू ओळखायची त्यांना नजर होती, विशेषतः ती दुसऱ्याची असली की. त्यांनी मला बोलावलं आणि पत्र सांगायला सुरुवात केली. "स्थानिक गरजांचा दीर्घ अभ्यास करून मी हा नमुना तयार केला आहे. टाक्यास टाका याप्रमाणेच माल काढावा." मी टाइप केलं. त्या पत्रातला 'मी' माझ्याच बोटाने उमटला. खाली डाव्या कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं असतात, तीही माझीच.

काही आठवड्यांनी गिरणीतून टेलेक्स आला. "एका मोज्यास भोक आहे, दुसऱ्यास नाही. हेतू कळवावा."

मोज्याला भोक होतं, हे साहेबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. बारा पायऱ्या उतरलं की खाली बाई बसल्या होत्या. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं तर त्या 'मी'चं काय करायचं? साहेबांनी सिगारेट पेटवली, पंख्याकडे बघितलं आणि मला उत्तर सांगितलं. "भोक दोन्ही मोज्यांस ठेवावे. हेतू, व्हेंटिलेशन."

तेही मीच पाठवलं. बाईंना मात्र सांगितलं नाही. ज्याच्या सहीशिवाय रजा मिळत नाही, त्याची गुपितं माणूस फार निष्ठेने सांभाळतो.

माल आला आणि खपला. कुवेतपासून मस्कतपर्यंत खपला. मोज्याला साहेबांचं आडनाव लागलं, साहेब सगळ्या आखाताचे प्रमुख झाले आणि त्यांना गाडी मिळाली. बाईंना एक पुलोव्हर मिळाला. शुद्ध लोकरीचा, बदामी, जून महिन्यात. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर तो त्यांच्या हातात दिला आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

"घालणार कधी?" मी नंतर विचारलं.

"त्याला घाम फुटेल त्या दिवशी," बाई म्हणाल्या.

आणि त्याच दिवसांत मी शेवटी विचारलं, की बाई, मोज्यात हात घालून तुम्ही रोज 'आहे' म्हणता, ते काय? बाईंनी मोज्यातला हात माझ्या तोंडासमोर धरला. टाचेच्या वर दोन बोटांवर एक भोक. त्यातून बाहेरच्या उन्हाचा एक ठिपका माझ्या नाकावर पडला.

"ही माझी मोडकी सुई," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना लावलीय गाढवांनी. भोक पाडायला गिरणीत वेगळा पार्ट बसवावा लागला असेल, माहितीय? माझी चूक शिकायला खर्च केला. पण का लावली असेल, ते काही मला कळत नाही."

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. टेलेक्सचं सांगितलं. बाई काउंटरवर डोकं टेकून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. वर बघून म्हणाल्या, "म्हणजे पत्रात माझं नाव नव्हतंच?" मी म्हटलं, "नाही." "तुम्ही टाइप केलंत?" मी काउंटरवरचा मोजा घडी करायला लागलो. त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून साहेब जिन्यावर दिसले की काउंटरमागून हळू आवाजात येई, "आलं व्हेंटिलेशन."

चूक त्यांनी कंपनीला कधीच कळवली नाही. दुरुस्त करणं त्यांच्या हातात होतं, एक चिठ्ठी पुरली असती. उलट प्रत्येक खोकं त्या उजेडाला धरत, भोक जागेवर असल्याची खात्री करून घेत. पाव्हणा घरात नीट बसलाय ना, हे आतून डोकावून बघावं तसं. मी माणसांचे राग पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांचे जेवणापर्यंत टिकतात. बाईंचा राग वर्षानुवर्षं टिकला, आणि रोज इस्त्री केल्यासारखा नीट घडीत राहिला.

चर्चमध्ये त्या नेमाने जात. एकदा ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मी त्यांच्याकडे शुक्रवारी जेवायला गेलो होतो. मांस वर्ज्य म्हणून वसईहून आणलेल्या बाटलीतल्या मसाल्याची कोळंबी होती, आणि असला उपवास मला आयुष्यभर चालला असता. मी म्हटलं, "बाई, हे कन्फेशनमध्ये सांगता का हो?"

"सांगते की. दर वर्षी."

"मग फादर काय म्हणतात?"

"म्हणतात, माफ कर. मी म्हणते, केलं. मग म्हणतात, केलंस तर त्यांना जाऊन ती चूक सांग. मी म्हणते, फादर, माफ करायला सांगा, मदत करायला नका सांगू."

मिस्टर ताटावरून म्हणाले, "एवढं भोक धरून बसलीय, सासूशी पण इतकं धरलं नाही."

"सासू तोंडावर बोलायची," बाई म्हणाल्या. "कोळंबी घ्या, पुणेकर."

वर्षं गेली. समुद्र बुजवून रस्ते झाले, बँका आल्या, हमद टाउन नावाच्या नव्या वसाहतीची घरं उठायला लागली. साहेबांचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं, पण आठवड्यातून दोनदा ते आमच्याकडे येत आणि माझ्या टेबलामागच्या जुन्या केबिनमध्ये बसत. अशात इंग्लंडहून कळलं, की कंपनी आपला संपूर्ण इतिहास ग्रंथरूपाने काढते आहे. आखातावर एक वेगळं प्रकरण होतं. त्यातली अरबी नावं तपासायला त्याची छापील प्रुफं माझ्याकडे आली.

तिसऱ्या पानावर साहेब होते. एका सायंकाळी मनामातल्या मशिदीबाहेर भाविकांचे ओले पाय पाहून त्यांच्या मनात विचार चमकला, त्यांनी पाकिटाच्या पाठीवर एक मोजा रेखाटला, आणि उष्ण हवेसाठी टाचेवर वायुवीजनाच्या छिद्राची योजना केली, "जी साधेपणात आमच्या मूळ पुरुषाच्या प्रतिभेची आठवण करून देते."

मी ती पानं खाली नेली. बाईंनी उभ्याने वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि परत वाचली.

"एक ओळ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला एक ओळ पाहिजे. तक्रारीच्या काउंटरवरच्या बाईने विणलं, एवढंच. नावासकट. त्याचं राहू दे बाजूला, मला त्याचं काढायचं नाही. माझी एक ओळ." आणि मग, "माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पुणेकर. मशीन नन्सनी दिलं, तेव्हा ती म्हणाली, ह्याच्यावर तुझं नाव होईल. मी आहे तोवर मला ते बघायचंय."

त्या दिवशी साहेब केबिनमध्ये होते. बाई बारा पायऱ्या चढून वर गेल्या. दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेरच बसलो होतो.

"सर, बुकमध्ये माझी एक लाइन."

साहेब प्रेमाने बोलले. ते नकार नेहमी प्रेमानेच देत. "माय डिअर लेडी, इतिहास कंपनीचा असतो, माणसांचा नसतो. आपण एक कुटुंब आहोत."

"फॅमिली आहे तर तुमचं नाव कसं आहे, सर?"

"कुणीतरी सही करावी लागते," साहेब म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "ते तुमचं जुनं मशीन अजून आहे ना? पुढच्या महिन्यात हॉटेलमध्ये समारंभ आहे. लंडनहून डायरेक्टर येतायत. जुन्या हस्तकलेचं प्रात्यक्षिक ठेवू. साडी नेसून या. फार छान दिसेल."

बाई बाहेर आल्या. माझ्या टेबलाशी थांबल्या. चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं ते काहीच नव्हतं. म्हणाल्या, "मशीन घेऊन या म्हणाला. स्वतःच्या तोंडाने."

मी खण उघडला. त्या जुन्या टेलेक्सची आणि पत्राची कार्बन कॉपी मी एवढी वर्षं जपून ठेवल्या होत्या. धैर्य नसलेली माणसं कागद जपतात. मी त्या पुढे केल्या. बाईंनी हातही लावला नाही. "कागद त्यांचे असतात. मशीन माझं आहे."

समारंभ दुपारी चारचा होता. हॉलमध्ये एसी इतका, की पहिल्यांदाच कंपनीचा माल बहरीनमध्ये शोभून दिसला. हाजी पुढच्या रांगेत. बँकवाले, दुकानदार, आणि इंग्लिश क्लबातल्या पंधरा-वीस बायका. कुणी त्यांना का बोलावलं, देव जाणे. बहुधा खुर्च्या भरायला. पण या सगळ्या विणणाऱ्या बायका होत्या, कुणाकुणाच्या पिशवीतून तर तिथेही सुया डोकावत होत्या. साहेबांनी ही गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. बाईंनी घेतली होती. हॉलमध्ये शिरताच त्यांनी खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मशीन त्या बायकांच्या बाजूला टेबलाला आवळलं. जरीकाठाची साडी आणि तिच्यावर तो बदामी पुलोव्हर.

डायरेक्टरांचं भाषण झालं. पाद्री झाला, गिरणी झाली, युद्धं झाली. मग पडद्यावर साहेबांचा मोजा आला आणि त्यातलं भोक, पाण्याच्या टाकीच्या झाकणाएवढं. "विज्ञान आणि सहानुभूती यांचा संगम," डायरेक्टर म्हणाले. साहेबांनी नम्रपणे बुटांकडे बघितलं. टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांनी आता प्रात्यक्षिक बघावं, असं डायरेक्टरांनी सुचवलं.

बाईंनी मशीन आधीच चालू करून वीतभर मोजा उतरवून ठेवला होता. बायका भोवती जमल्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या, जाड चष्म्याच्या मडमेने विचारलं, "आणि ते प्रसिद्ध छिद्र? ते यावर करता येतं?"

"येस मॅडम," बाई म्हणाल्या. "तेच करते."

त्यांनी पक्कड घेतली आणि एक सुई मोडली. टक्. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग सावकाश, शाळेत शिकवावं तसं, त्या सुईवरचा टाका त्यांनी शेजारच्या सुईवर सरकवला, नवी सुई घातली, हँडल सातआठ वेळा फिरवलं आणि खाली आलेली वीण बोटांवर ताणून धरली. भोक होतं.

"मॅडम, सँपल माझ्या घरी झालं, झिंजला," बाई त्यांच्या सरळसोट इंग्रजीत म्हणाल्या. "सुई मोडली. मी टाका बाजूला केला, नवी सुई घातली. धिस इज व्हेंटिलेशन."

मडमेने वीण बघितली. मग पडद्यावरचं भोक बघितलं. "पण ही तर दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "मग दुसऱ्या मोज्याला का केलंत?"

"दुसऱ्याला मी नाही केलं. दुसऱ्याला सुई मोडली नव्हती. ते सरांना विचारा."

तिथे पंधरा-वीस बायका होत्या आणि त्या सगळ्यांना एकदम कळलं. आधी एकजण हसली, मग सगळ्याच. विणणाऱ्या बाईला विणकामातलं खोटं सांगणं म्हणजे कोळ्याला शिळा मासा विकणं. डायरेक्टर पुढे आले. साहेब म्हणाले, "मूळ संकल्पना..." आणि थांबले.

"मग तुम्हीच दाखवा ना," मडम म्हणाली आणि बाजूला झाली.

"प्लीज, सर," बाईंनी हँडल पुढे केलं.

साहेब नाही म्हणू शकले असते. पण ज्या माणसाने बारा पायऱ्या उतरायचं टाळलं होतं, त्याला सगळ्यांदेखत एक पाऊल मागे घेता येईना. त्यांनी हँडल धरलं आणि फौजी जोरात एक पूर्ण फेरी फिरवली. या मशीनचा एक गुण असा, की धागा नसताना फेरी मारली, तर सगळे टाके सुयांवरून एकसाथ सुटतात. आणि धागा नव्हता. हँडल पुढे करण्याआधी बाईंनी तो कापला, तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. मोजा मशीनमधून सुटला आणि साहेबांच्या बुटांवर पडला.

हाजी उठून उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं. हाजींनी डोळे पुसले, कारण ते केव्हाचे हसत होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वल्ला, बाई, आपने तो साहब का मोजा उतार दिया!"

साहेबांचं कपाळ चमकत होतं. एवढ्या एसीत. बाईंनी त्यांच्याकडे नीट, पोटभर बघितलं आणि पुलोव्हरची बाही सारखी केली.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कोटाच्या खिशात दोन्ही कार्बन कॉपी होत्या. मी उभा राहिलो नाही. हे लिहिणं भाग आहे, म्हणून लिहितो.

आता तुम्ही विचाराल, ओळ मिळाली का? कंपन्या इतक्या सहजासहजी लाजत नाहीत. ग्रंथ छापून आला, तेव्हा तो परिच्छेदच त्यात नव्हता. मोजाच नव्हता. आखाताच्या प्रकरणात एका उंटाचा फोटो मोठा करून घातला होता. साहेब मुदतीआधी निवृत्त होऊन इंग्लंडात कुठल्याशा समुद्रकाठी गेले. तिथे ते काय घालतात, ते माहीत नाही. पुढच्या खेपेपासून मोज्यांचं भोकही बुजलं.

"त्याचं नाव गेलं ना?" बाई म्हणाल्या. "खलास." पण उंटाचं पान त्या बराच वेळ उघडं ठेवून बसल्या होत्या.

मग लंडनहून सूचना आली, की तक्रारींचा काउंटर आता अनावश्यक आहे. हाजी चांगले गृहस्थ होते, म्हणजे वाईट बातमी ते स्वतः देत नसत. बाईंचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवता येत नाही, असं पत्र त्यांनी मला टाइप करायला लावलं आणि मीच ते खाली नेलं. बाईंनी वाचलं. "टायपिंग स्वच्छ आहे तुमचं," म्हणाल्या. "पहिल्यापासून."

निघायच्या आदल्या शुक्रवारी मी झिंजला गेलो. सामान बांधून झालं होतं. मी म्हटलं, "बाई, मी कधीतरी हे सगळं लिहीन. तुमच्या नावासकट लिहीन."

"लिहा. नाव नाही घालायचं."

"का?"

"ते त्यांनी लिहायचं होतं. तुम्ही लिहिलंत तर ते सुटले." आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवत, "तुम्ही पण."

म्हणून या सगळ्यात बाईंचं नाव नाही.

विमान सकाळचं होतं. मिस्टरांनीही नोकरी सोडली होती, दोघं कायमची परत निघाली होती. काउंटरवर मोठी बॅग काट्यावर चढली आणि वजन जास्त भरलं. मशीन त्यात होतं. मिस्टर म्हणाले, "अगं, लोखंड राहू दे इथेच. वसईला मोजे घालतं कोण?"

बाईंनी वाकून बॅग उघडली, आत हात घातला आणि कंपनीने सगळ्या स्टाफला भेट दिलेला तो ग्रंथ बाहेर काढला. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, चांगला विटेएवढा. तो काउंटरवर ठेवला. बॅग बंद केली. काटा खाली आला, क्लार्कने चिठ्ठी लावली, मशीन पट्ट्यावरून निघालं.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्या दाराकडे चालायला लागल्या. क्लार्क मलबारी होता, सज्जन होता. त्याने हाक मारली, "मॅडम! आपका बुक रह गया!"

बाई थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"मेरा नहीं है," त्या म्हणाल्या. "उनको दे दो. टाइपिंग उनका है."

दार बंद झालं. क्लार्कने तो ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. मागे रांग होती, मला घ्यावाच लागला. फार जड होता.